सुरगाठ

तीसची टेप. तीन वेळा, वर दहा मीटर.
शून्य बिडवे साहेबांच्या अंगठ्याखाली,
गोदामाच्या कुलपाला टेकवलेलं,
दुसरं टोक माझ्या हातात.
मी मागं मागं चालत गेलो,
रेशनच्या दुकानावरून, पंक्चरच्या टपरीवरून.
शंभर भरले तेव्हा
माझी टाच फुलाबाई बर्गेच्या अंगणात होती.
तिथंच टाक फक्की, साहेब लांबून ओरडले.
टाकली.
घर आत राहिलं, गोठा बाहेर.

बांबू पाटणकडनं ट्रकनं आलेले,
काही अजून ओले.
पहारीनं भोक, भोकात उभा, उभ्याला आडवे तीन,
सांध्या-सांध्याला काथ्याची दोरी.
निरगाठ मार, साहेब म्हणाले,
लग्नाचा मांडव नाही हा.
दोनशे चाळीस गाठी मारल्या मी.
बोटावर शाई, नखात काथ्या.

माझं मत आत, सील लावलेल्या खोलीत.
मी बाहेर.
मध्ये माझीच गाठ.

मोजणी दुसऱ्या दिवशी होती, ती पंधरा दिवस लांबली.
का लांबली याची कोरेगावात दोन कारणं होती,
वरच्या आळीचं एक, खालच्या आळीचं एक.
दोन्ही आळ्यांनी सतरंज्या आणल्या,
फक्कीला लागून पसरल्या
आणि रात्रभर गोदामाच्या दिव्याकडं बघत बसल्या.
लाईट गेली की दोन्हीकडनं एकदम शिट्ट्या.

पहिल्याच पहाटे फुलाबाई बादली घेऊन आली.
राखीव दलाचा पोरगा, हिंगोलीचा,
बंदूक त्याच्यापेक्षा वयानं मोठी.
पास? तो म्हणाला.
म्हशीला सांग की जाऊन, ती म्हणाली,
तिची कास काय पास बघून भरती व्हय?

त्या रात्री दोरी आवळायच्या निमित्तानं गेलो.
तिच्या अंगणातली एक निरगाठ कापली,
नव्या दोरीनं सुरगाठ मारली,
टोक लोंबतं ठेवलं.
पोरगा दुसरीकडं बघत राहिला.
पण पहाटे ती निघाली तेव्हा
आडवा बांबू त्यानंच धरला.

चौदाव्या रात्री कुणीतरी म्हणालं,
मागच्या दारानं गाडी आली.
गाडी पाण्याची होती,
पण ते कळेपर्यंत सतरंज्या रिकाम्या.
दोन्ही आळ्या पहिल्यांदाच एका अंगाला,
रेटा नेमका फुलाबाईच्या अंगणात.
मी माणसं बघत नव्हतो.
मी ते टोक बघत होतो.
कुणाच्या तरी शर्टाचं बटण अडकलं,
की अंगठा, माहीत नाही.
सुटलं.
आडवा बांबू तिघांच्या पायांवर आला.

वाट झाली.
एका म्हशीपुरती.

आणि कुणी आत गेलं नाही.
रेटायला उचललेले हात तसेच वर.
सगळ्यात पुढच्याच्या चपलेचं टोक फक्कीवर, पांढरं.
पोरग्याचे ओठ कोरडे, बंदूक खांद्यालाच.
जरंडेश्वराच्या अंगानं गार वारं आलं.
कुणीतरी खोकलं.
आत जाऊन करायचं काय,
हे पंधरा दिवसांत कुणी ठरवलंच नव्हतं बहुतेक.

मग एक जण वाकला, खालच्या आळीचा,
बांबू ज्याच्या पायावर पडला होता तोच.
उचलला, जागेवर लावला, दोरी गुंडाळली.
त्यालाही सुरगाठच येत होती.

निकाल लागला. गुलाल कुणाचा ते सोडा,
गटारातनं तो तिळगंगेकडं गेला.
साहेबांनी मला कोयता दिला.
निरगाठी सुटत नाहीत, तोडाव्या लागतात.
दोनशे एकोणचाळीस ठिकाणी वीतवीत तुकडे,
कशाच्याच कामाचे नाहीत.
एकच दोरी अख्खी निघाली, एका हिसक्यात.
फुलाबाईची म्हैस आता तिनंच बांधलेली असते.

मस्टरवर माझे दोन दिवस लागले,
बांधायचा एक, भोकं बुजवायचा एक.
सोडायचा दिवस धरत नाहीत.